खर्ज फुगवायचा नसतो

रसमंजरीच्या मंचावर सर्वांत जास्त बोलणी कुणाला खावी लागत असतील, तर ती बेस गिटारवाल्याला. पुढच्या रांगेतले पाहुणे म्हणतात, ‘छातीत धडधडतंय, कमी करा.’ मंडपाच्या मागच्या टोकाला उभी असलेली पोरं ओरडतात, ‘अण्णा, बेस वाढवा की जरा!’ ‘वाढवलाय की! अजून किती वाढवू?’ मिक्सरवरून उत्तर येतं आणि आधीच शेवटाला टेकलेलं बटण आणखी एकदा पिळलं जातं. मग पुढच्यांची धडधड वाढते. मागच्यांना मात्र आधीही काही कळत नव्हतं आणि आताही कळत नाही. आवाज भरपूर, पण सूर गायब, हा आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांचा जुनाट आजार आहे.

हुमनाबादसारख्या गावात हा आजार नीट तपासता येतो, कारण इथं गाण्याची कमतरता नाही. बिदर जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव पुणे–सोलापूर–हैदराबाद महामार्गावर आहे. १९४८ पर्यंत इथं निजामाचा अंमल होता. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत बिदर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. २०१७ मध्ये बिदर–कलबुर्गी रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि कलबुर्गीशी रुळांचंही नातं जुळलं. कन्नड, मराठी आणि दखनी एकाच चहाच्या टपरीवर बोलल्या जातात, तेलुगूही फार लांब नाही. कानडी मुलखात ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला रसमंजरी म्हणतात. इथल्या रसमंजरीत कन्नड सिनेगीत, मराठी भक्तिगीत, जुनं हिंदी गाणं आणि कव्वाली हे सगळं एका रात्रीत मागितलं जातं. वीरभद्रेश्वराची जत्रा असो, गणपती असो की उरूस, मंचावर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक, तबला असतातच. जोडीला चार तारांची बेस गिटार आली, की पहिला प्रश्न उभा राहतो : हिचा अ‍ॅम्प कोणता आणि तो लावायचा कसा?

माणिकनगरचा धडा

या प्रश्नाचं अर्धं उत्तर गावाला लागूनच आहे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात श्रीमाणिकप्रभूंचं संस्थान आहे. माणिकप्रभूंचा जन्म १८१७ चा, बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा. समाधी १८६५ ची. सर्व मतांना आपलं मानणारा सकलमत संप्रदाय त्यांनी इथं रुजवला. त्यांची पदं मराठीत आहेत, कन्नडात आहेत, हिंदीतही आहेत आणि ती रागदारीत गायली जातात. दत्तजयंतीच्या उत्सवात संगीत दरबार भरतो. कलावंतानं प्रभूंच्या दारी येऊन हजेरी लावायची, ही इथली जुनी रीत.

अशा बैठकीआधी तंबोरा कसा जुळतो, ते कधी जवळून पाहावं. चार तारांपैकी शेवटची, जाड पितळी किंवा तांब्याची तार खर्जाची. आधी खुंटी पिळून ती सुराच्या आसपास आणतात. मग घोडीच्या खालच्या अंगाला असलेला मणी केसभर सरकवून सूर नेमका करतात. एवढं झालं तरी तार अजून मुकीच असते. घोडीच्या सपाटीवर, तारेखाली सुताचा धागा असतो. तो बोटानं किंचित पुढं-मागं केला जातो. एका जागी आल्यावर तीच तार अचानक बोलायला लागते : खालच्या सुरातून वरच्या सुरांची झळाळी उसळते, गंधार न छेडताही ऐकू येतो. याला जवारी खुलणं म्हणतात. धागा सरकवणाऱ्यानं तार जोरात छेडलेली नसते. जोर तेवढाच, पण खर्ज आता हॉलच्या शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचतो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंतुवाद्यांवरच्या आपल्या निबंधात नेमकं हेच हेरलं होतं. तंबोऱ्याची आणि वीणेची घोडी धारदार नसते. तिची पाठ रुंद, किंचित बाकदार असते. कंप पावणारी तार त्या पाठीला पुन्हा पुन्हा चाटते, आणि साध्या तारेच्या नियमानं जे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, उमटायलाच नकोत, तेही जोरकसपणे उमटतात. मिरजेच्या कारागिरांच्या हातात हे ज्ञान होतं. त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी लावणारा कारागीर कानसेनं घोडी घासतो तेव्हा खर्ज वाढवत नसतो. खर्जाला ओळख देणारे वरचे स्वरांश तो मोकळे करत असतो.

बेस गिटारचा अ‍ॅम्प लावणाऱ्यानं एवढं एकच गाठीला बांधलं, तरी त्याचं निम्मं काम झालं.

कान काय ऐकतो

आकडे पाहिले की मुद्दा पक्का होतो. बेस गिटारच्या चार तारा खालून वर ई, ए, डी, जी अशा असतात. ईची कंप्रता ४१ हर्ट्झ, एची ५५, डीची ७३ आणि जीची ९८. पाच तारांच्या गिटारीत खाली बी असते, ती ३१ हर्ट्झची. गवयाची पट्टी काळी एक असेल, तर त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जरा वर असतो; म्हणजे बेस गिटारच्या ए तारेवर चौथ्या पडद्यावर वाजतो तोच सूर. दोन वाद्यांचा मुलूख असा सामायिक आहे.

आता माणसाचा कान. १ हजार हर्ट्झचा सूर दोन-तीन डेसिबललाच कानाला जाणवतो. ४० हर्ट्झचा सूर नुसता जाणवायलाच सुमारे ५० डेसिबल लागतात. निसर्गानं खालच्या सुरांच्या बाबतीत कानाला इतकं मंद ठेवलंय. पण त्याची भरपाई मेंदू करतो. ४१ हर्ट्झच्या तारेतून ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरांशही निघतात. ते स्वच्छ ऐकू आले, की मूळ ४१ चा सूर क्षीण असला तरी मेंदू तो आपण होऊन जोडून घेतो. पुरावा हवा असेल तर मोबाइलवरचा तानपुरा लावा. त्या नखाएवढ्या स्पीकरला ६९ हर्ट्झ काढणं शक्यच नाही, तरीही खर्ज लागलेला तुम्हाला समजतो. रियाजाला बसलेले हजारो विद्यार्थी रोज या भ्रमावर सूर लावतात आणि त्यांचा सूर बरोबर लागतो.

म्हणून मागच्या रांगेतल्या पोराला ‘बेस ऐकू येत नाही’ तेव्हा त्याला बहुतेक वेळा खालची कंप्रता कमी पडत नसते. त्याला स्वरांश कमी पडत असतात. साउंडवाला मात्र बेसचं बटण पिळतो, म्हणजे जे आधीच मंडपात कोंडलंय तेच आणखी कोंबतो.

घ्यायचा कोणता

बेस गिटारला स्वतःचा अ‍ॅम्प लागतो, हे शहाणपण गिटारीइतकंच जुनं आहे. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बेसमन अ‍ॅम्प काढला. १९६९ मध्ये अँपेग कंपनीचा एसव्हीटी आला : ३०० वॅट, १४ व्हॉल्व्ह, खाली दहा इंची आठ स्पीकरांची कपाटाएवढी पेटी. मोठ्या मैदानात बेस पोचवणारा अ‍ॅम्प म्हणून आजही त्याचंच नाव आधी निघतं. गंमत पुढंच आहे. त्या घराण्यातल्या ८१० ई या पेटीचा कंपनीनंच दिलेला तपशील असा, की ५८ हर्ट्झपाशीच तिचा आवाज ३ डेसिबलनं उतरलेला असतो आणि ४० ला १० डेसिबलनं. म्हणजे ई आणि ए या दोन्ही मोकळ्या तारांचे मूळ सूर तिच्यातून पुरते निघतच नाहीत. तरी जगभरचे वादक तिच्या आवाजाला भरदार म्हणतात, कारण वरचे स्वरांश ती छाती काढून वाजवते.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न वॅटचा येतो आणि गिऱ्हाईक तिथंच फसतं. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला ‘थोडा वाढला’ एवढंच वाटतं. दुप्पट मोठा वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तेव्हा १०० चा सोडून २०० चा घेण्यासाठी जीव टाकण्याआधी स्पीकरची संवेदनक्षमता विचारावी. एका वॅटला एक मीटरवर तो किती डेसिबल देतो, हा तो आकडा. ९४ ऐवजी ९७ देणारा स्पीकर म्हणजे फुकटात दुप्पट झालेला अ‍ॅम्प.

तरीही बेसला वॅट जास्त लागतात, हे खरं. खालचा सूर हलवायला ताकद जाते आणि बोटाचा ठोसा नेहमीच्या आवाजापेक्षा कितीतरी वर उसळतो. त्या उसळीला जागा नसेल तर आवाज फाटतो. ढोलक आणि ऑक्टोपॅडसोबत वाजवायचं असेल तर २०० ते ३०० वॅटचा अ‍ॅम्प सुखाचा. घरच्या रियाजाला २० ते ५० पुरतात. भजनी मंडळात पेटी, तबला आणि झांजांसोबत बसायचं असेल तर शंभराच्या आसपासचा, एका स्पीकरचा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला, बरा. तो एका हातानं उचलता येतो आणि मंदिराच्या सभामंडपात त्याहून जास्त लागतही नाही.

दहा इंची की पंधरा इंची, हा वाद वादकांत कधीच संपत नाही. पंधरा इंची म्हणजे खोल आणि दहा इंची म्हणजे टणक, ही समजूत अर्धवट आहे. पेटीचा आकार, तिचं भोक, स्पीकरची बांधणी या सगळ्यांवर सूर ठरतो. पेटी लहान हवी, सूर खोल हवा आणि थोड्या वॅटमध्ये दणकाही हवा, या तीन मागण्या एकाच वेळी पुऱ्या होत नाहीत. एकीवर पाणी सोडावंच लागतं. ‘एवढ्याशा पेटीत एवढा बेस’ अशी जाहिरात दिसली, तर वॅट भरपूर खर्ची पडणार हे समजून चालावं.

ओहमचा हिशेब मात्र चुकवून चालत नाही. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की भार ४ ओहम होतो. अ‍ॅम्पवर ‘किमान ४’ लिहिलं असेल तर तिसरी पेटी जोडू नये. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर पेटी जोडल्याशिवाय तो चालू करूच नये. आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. अ‍ॅम्पपासून पेटीपर्यंत स्पीकरचीच जाड वायर वापरावी, गिटारची पिन दोन्हीकडे बसते म्हणून ती ओढू नये. आजचे क्लास डी जातीचे हेड, म्हणजे स्पीकरशिवायचे अ‍ॅम्प, दोन-तीन किलोंचे असतात आणि पिशवीत बसतात. एसटीनं किंवा रेल्वेनं कार्यक्रमाला जाणाऱ्या वादकाला हे वरदानच आहे.

लावायचा कसा

सुरुवात बोटांपासून करावी. ब्रिजजवळ छेडलं तर सूर टोकदार निघतो, मानेकडं छेडलं तर गोल. वर्षानुवर्षं न बदललेल्या तारा कुठल्याही अ‍ॅम्पवर मेलेल्याच वाजतात. गिटारीत बॅटरी असेल तर गिटारीचा संकेत जोरदार असतो. अ‍ॅम्पवर अ‍ॅक्टिव्ह लिहिलेलं वेगळं छिद्र असतं, तिथंच पिन घालावी.

मग अ‍ॅम्पवरचे बेस, मिड आणि ट्रेबल तिन्ही मधोमध, घड्याळात बारा वाजल्यासारखे. मास्टर शून्यावर. गिटारीचा आवाज पूर्ण उघडून गाण्यातला सर्वांत जोरकस ठोका वाजवावा आणि गेन चढवत न्यावा. लाल दिवा लुकलुकला की गेन थोडा मागं. त्यानंतर मास्टर हवा तेवढा. इतकं झाल्यावर बहुतेक जण मिड खाली ओढतात आणि बेस-ट्रेबल वर चढवतात. एकट्यानं वाजवताना तो आवाज राजबिंडा वाटतो. ऑक्टोपॅडचा किक, तबल्याचा डग्गा, कीबोर्डवाल्याचा डावा हात हे सगळे त्याच खालच्या पट्ट्यात बसलेले असतात. साथ सुरू झाली की त्या गर्दीत बेस गिटार बुडते. तिला वर काढतो तो मिड, साधारण ४०० ते ८०० हर्ट्झचा पट्टा. तंबोऱ्यात जे काम जवारी करते, तेच इथं मिड करतो.

म्हणून क्रम असा असावा : घुमतंय असं वाटलं तर आधी २०० ते २५० च्या आसपास थोडं कापावं. कळत नाही असं वाटलं तर मिड चढवावा. बेसच्या बटणाला हात सर्वांत शेवटी. हाय-पास फिल्टर असेल तर तो ३०-४० हर्ट्झवर लावून ठेवावा; त्याखालची गडबड स्पीकरला दमवते आणि श्रोत्याला काहीच देत नाही. आणि हे सगळं अ‍ॅम्पला चिकटून ऐकू नये. गिटार दुसऱ्याच्या हातात द्यावी, मंचावरून उतरून मागच्या खुर्च्यांपर्यंत चालत जावं आणि तिथून सांगावं.

खोलीचाही सूर असतो. ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेसत्तावीस फूट. चौदा फुटांच्या आसपासच्या खोलीत तिची अर्धी लांबी नेमकी बसते, आणि मोकळी ई वाजवली की भिंती थरथरतात. शेजारचा सूर मात्र साधाच येतो. वादकाला वाटतं अ‍ॅम्प बिघडला. अ‍ॅम्प चार फूट सरकवला की बऱ्याचदा भागतं. पेटी भिंतीला टेकवली की खालचे सूर ६ डेसिबलपर्यंत वाढतात, कोपऱ्यात त्याहून जास्त. मंगल कार्यालयाच्या काँक्रीटच्या कोपऱ्यात अ‍ॅम्प ढकलणारा वादक स्वतःच्या हातानं चिखल करतो. उलट जत्रेच्या उघड्या मैदानात भिंतच नसते, तेव्हा तोच अ‍ॅम्प पोकळ वाटतो आणि तिथं बेस जरा वाढवणं रास्त ठरतं. फळ्यांच्या पोकळ मंचावर पेटीखाली जाड रबर किंवा फोम घालावा, नाहीतर मंचच डग्गा होऊन वाजायला लागतो.

मोठ्या मैदानात अ‍ॅम्पनं श्रोत्यांपर्यंत पोचायचा हट्टही धरू नये. गिटारीचा संकेत मिक्सरला जुळवून देणाऱ्या डीआय बॉक्समधून बेस थेट मिक्सरला द्यावा. गर्दीचं काम मोठ्या स्पीकरांनी करावं. मंचावरचा अ‍ॅम्प वादकापुरता आणि तबलजीपुरता असला की झालं.

वीज आणि माती

आपल्या भागात सुराचा आणखी एक वैरी आहे, तो म्हणजे हम. घरची वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण ५० ला आणि १०० ला येते. बेस गिटारच्या ई तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी ४९ हर्ट्झचा, मोकळी जी तार ९८ ची. म्हणजे हम अगदी वाद्याच्या सुरांना घासून बसतो आणि बेसुरा षड्ज धरल्यासारखा रात्रभर छळतो. यावर इलाज म्हणून काही जण पिनेचा अर्थिंगचा पाय मोडतात किंवा त्यावर चिकटपट्टी लावतात. हे जिवाशी खेळणं आहे. धातूच्या तारांवर दोन्ही हात असलेल्या माणसानं तर ते मुळीच करू नये. हम घालवायचा तर मंचावरची सगळी यंत्रं एकाच ठिकाणच्या विजेवर घ्यावीत आणि डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका वापरावा.

मातीही यात येते. बिदरच्या पठारावर जांभा दगड आहे. उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत होतो आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग नावापुरतंच उरतं. कार्यक्रमाआधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला सांगणं, हे साउंड चेकचंच काम समजावं. चाळिशी पार केलेल्या उन्हात अ‍ॅम्प पत्र्याच्या मंडपात तापतो आणि मध्येच बंद पडतो. त्याच्या पंख्याच्या जाळीवरची धूळ पुसावी, मागं वीतभर जागा मोकळी ठेवावी. जनरेटरवर दाब वर-खाली होतो, तेव्हा स्टॅबिलायझर हवाच.

मीटर आणि खिडक्या

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सगळ्यांना तोंडपाठ असायला हवेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. पण यातली एक मेख फारसं कुणी सांगत नाही. हे डेसिबल ‘ए’ पद्धतीनं मोजतात आणि त्या पद्धतीत खालच्या सुरांची मोजणी मुद्दाम कमी धरली जाते. ४० हर्ट्झला तर सुमारे ३४ डेसिबल वजा होतात. म्हणून डीजेच्या भिंतींसमोर घरांची तावदानं हादरतात, म्हाताऱ्या माणसांच्या छातीत कळ येते, तरी मीटरवरचा आकडा त्या मानानं नरम दिसतो. खालचे सूर भिंती ओलांडून आत शिरतात, वरचे अडतात. शेजाऱ्याच्या घरात पोचतो तो नुसता दणका, गाणं नाही. कायद्याचा मीटर पकडत नाही म्हणून बेस वाढवत राहणाऱ्यांनी निदान गाण्याच्या नावाखाली तसं करू नये.

चांगल्या बेसची खूण साधी आहे : मागच्या रांगेतल्या माणसाला गाण्याची चाल बेसवरून ओळखता यावी आणि पुढच्या रांगेतल्या पाहुण्याला शेजाऱ्याशी बोलता यावं. त्यासाठी नवा अ‍ॅम्प लागतोच असं नाही. आहे तोच नीट लावायला अर्धा तास लागतो. संयोजकांनी पत्रिकेत पाहुण्यांची नावं छापताना हा अर्धा तास साउंड चेकसाठी राखून ठेवावा, आणि वादकांनी तो बेसच्या बटणावर नव्हे, मिडवर खर्च करावा.